'गेट' शिकवायचं कसं? (क्रियापद, फाटक नव्हे)

मृण्मयी_कोपरी
मंडळी, मदत हवीये.

रविवारी सकाळी आम्ही दोघीतिघी मिळून सोसायटीच्या हॉलमध्ये बोलण्यापुरत्या इंग्रजीचा वर्ग घेतो. फी नाही, पुस्तक नाही. येणाऱ्या सगळ्या कमावत्या बायका. एकीचं पोळीभाजी केंद्र आहे, एक दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, दोघी ऐरोलीला ऑफिसांमध्ये हाउसकीपिंग सुपरवायझर आहेत. त्यांना ग्रामर नकोय, कामापुरतं बोलता आलं पाहिजे.

मागच्या रविवारी फळ्यावर 'गेट' लिहिलं, शेजारी 'मिळणे'. 'आय गॉट अ जॉब', 'आय गॉट युअर मेसेज'. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सुपरवायझर ताईंनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या साहेबाचा मेसेज: 'गेट हिअर बाय नाइन. गेट द मीटिंग रूम रेडी. अँड गेट समवन टू चेक द एसी.' तीन वाक्यं, तीन गेट, आणि 'मिळणे' एकाही ठिकाणी बसत नाही. ताई म्हणाल्या, "मॅडम, हा माणूस सकाळी सकाळी एवढं काय मागतोय?"

तर विचारायचं असं, की अर्थांची यादी देऊन पाठ करून घ्यायची, की या सगळ्यांच्या मुळाशी काहीतरी एक आहे जे सांगितलं की बाकीचं आपोआप कळेल? आणि आमच्या शाळेत निबंधात 'गेट' आलं की लाल शाई पडायची. ते खरंच हलकं इंग्रजी आहे का?

चेंदणीकर
शीर्षक अर्धवट वाचून आलो. वाटलं सोसायटीच्या गेटवरचा धागा आहे, डिलिव्हरीवाल्यांना आत सोडायचं की नाही वगैरे. भांडायची पूर्ण तयारी होती. असो.

तलावपाळी_संध्याकाळ
'गेट वेल सून' = चांगली सून मिळो.
(कुणीतरी लिहिणारच होतं, म्हणून मीच उरकून टाकलं.)

चेंदणीकर
@तलावपाळी, हा विनोद आमच्या आजोबांच्या वेळेपासून तसाच फिरतोय. सुनेच्या सासवा झाल्या.

शब्दवेडा_घणसोली
मृण्मयीताई, मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन कळते.

आपल्याकडे 'आहे' आणि 'झाला' वेगळे असतात. 'तो रागावलेला आहे' आणि 'त्याला राग आला'. 'जेवण तयार आहे' आणि 'जेवण तयार झालं'. इंग्रजीत 'आहे'ची बाजू 'इज' सांभाळतं आणि 'झालं'ची बाजू बोलताना बहुतेक वेळा 'गेट'. 'शी इज मॅरीड' म्हणजे लग्न झालेली आहे. 'शी गॉट मॅरीड' म्हणजे लग्न झालं, मांडव, जेवणावळी, सगळं आलं. 'इट इज डार्क', 'इट इज गेटिंग डार्क'. थोडक्यात, आधी नव्हतं, आता आहे.

हे डोक्यात ठेवून साहेबाचा मेसेज वाचा. 'गेट हिअर': तुम्ही इथे नव्हता, आता इथे असायला हवं. 'गेट द रूम रेडी': खोली तयार नव्हती, ती तयार व्हायला हवी. 'गेट समवन टू चेक': कुणी बघत नव्हतं, बघायला लावा. आणि 'गॉट अ जॉब': नोकरी नव्हती, आता आहे. तुमचं 'मिळणे' चूक नाहीच, ते या चौघांतलं एक आहे.

शब्दाचा इतिहासही गमतीचा आहे. 'गेट' मुळात इंग्रजांचा नाही. इंग्लंडवर चालून आलेल्या आणि मग तिथेच वस्ती केलेल्या नॉर्स लोकांचा तो 'गेटा', अर्थ मिळवणे. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड होतं, पण एकटं फिरत नव्हतं, जोडून यायचं. 'फरगेट' आणि 'बिगेट' ही त्यातलीच. 'टेक' आणि 'दे', 'देम' हेसुद्धा नॉर्सच. सर्वनामं उसनी घ्यायला मोठं काळीज लागतं.

लीड्सवासी_ठाणेकर
शब्दवेडा, मी त्याच भागात राहतो. इथे गावांची नावं बघा: सेल्बी, वेदरबी, व्हिटबी. शेवटचं 'बी' म्हणजे नॉर्स लोकांचं गाव, आपल्या 'वाडी'सारखं. एग, स्काय, विंडो, नाइफ, सगळी त्यांचीच देणगी. आम्ही जेवायला बसलो की अर्धं ताट नॉर्समध्ये असतं.

निवृत्त_बाई_पाचपाखाडी
मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. लाल शाई करणाऱ्यांतली एक मीच समजा, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

मुलांना एकदा 'गेट' सापडलं की ती दुसरा शब्द शोधतच नाहीत. 'आय गॉट अप, गॉट रेडी, गॉट टू स्कूल, गॉट मार्क्स, गॉट हॅपी.' निबंध संपला. मग 'रिसीव्ह', 'अराइव्ह', 'बिकम', 'ऑब्टेन', 'अर्न' हे शब्द त्यांनी शिकायचे कधी? पगार 'अर्न' होतो आणि बक्षीस 'विन' होतं, हा फरक 'गेट'मध्ये विरघळून जातो. हलकं म्हणा न म्हणा, आळशी तर आहेच.

ऐरोली_नाइटशिफ्ट
बाई, नमस्कार. तुमचा मुद्दा निबंधापुरता मान्य. पण मी रात्री फोनवर अमेरिकन लोकांशी बोलतो. तिथे 'आय हॅव ऑब्टेन्ड अ कोल्ड' म्हटलं तर समोरचा आधी काळजी करेल आणि मग सुपरवायझर मागेल. सर्दी 'गेट'च होते. 'ऑब्टेन' म्हटलं की मला दाखला आठवतो, तहसील कार्यालय, झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो.

आमच्या ट्रेनिंगमध्ये नवीन मुलं 'गेट' टाळतात, शाळेतून तसंच शिकून येतात. आणि टाळलं की बोलणं सरकारी पत्रासारखं होतं. 'प्लीज डू द नीडफुल'च्या घरातलं.

बाकी आमच्याकडे 'आय विल गेट बॅक टू यू' याचा अर्थ सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे विसरा आता.

सीवूड्स_सेक्रेटरी
आमच्या कमिटीत त्याला 'बघू, करू' म्हणतात.

विटावा_लोकल
कामाचा प्रश्न विचारतो. 'गेट ऑन द ट्रेन' पण 'गेट इन द कार'. का? गाडीच्या आत तर दोन्हीकडे जातो. टपावर बसायची सोय बंद झाली.

लीड्सवासी_ठाणेकर
साधारण असं: ज्यात उभं राहून चालता येतं ते 'ऑन'. बस, ट्रेन, विमान, बोट. ज्यात वाकून शिरायचं आणि बसायचं ते 'इन'. कार, टॅक्सी. उतरताना त्यांच्या जोड्या: 'गेट ऑफ द बस', 'गेट आउट ऑफ द कार'. ज्याच्यावर टांग टाकून बसतो तेही 'ऑन': सायकल, मोटरसायकल, घोडा.

विटावा_लोकल
मग रिक्षा?

लीड्सवासी_ठाणेकर
वाकून शिरतो, बसतो. 'इन'.

विटावा_लोकल
शेअर रिक्षाची चौथी सीट? ड्रायव्हरच्या बाजूला, एक पाय आत, एक पाय हवेत, हात मागच्या दांडीला?

चेंदणीकर
'गेट अलाँगसाइड'.

तलावपाळी_संध्याकाळ
'गेट वेल सून'. 😀

चेंदणीकर
बरं, हा चांगला होता. मघाचा माफ.

बेलापूरची_स्वाती
'गेट डाउन'वर कुणी बोलत नाहीये? आपण सगळे 'आय विल गेट डाउन अॅट ठाणे' म्हणतो. ऑफिसमधल्या एका हैदराबादच्या मुलीपासून चेन्नईच्या मॅनेजरपर्यंत सगळे. चूक आहे का?

निवृत्त_बाई_पाचपाखाडी
पुस्तकाप्रमाणे 'गेट ऑफ'. आपल्याला 'उतरणे' म्हणजे खाली येणे, म्हणून जिभेवर 'डाउन' येतं.

लीड्सवासी_ठाणेकर
इथे 'गेट डाउन' म्हणजे उंचावरून खाली. शिडीवरून, भिंतीवरून. नाहीतर जेवण झालं की लहान मुलं विचारतात, 'मे आय गेट डाउन?' म्हणजे टेबलावरून उठू का. बसमध्ये कुणी म्हटलं तर कळतं सगळ्यांना, थोडं वेगळं वाटतं एवढंच.

शब्दवेडा_घणसोली
मी त्याला चूक म्हणणार नाही. देशभर इतके लोक बोलतात आणि एकमेकांना न अडखळता कळतं, तर ते आपल्याकडचं इंग्रजी आहे. फक्त वर्गात दोन्ही सांगा: ठाण्यात 'गेट डाउन' चालेल, लंडनच्या बसमध्ये 'गेट ऑफ' म्हणा.

विटावा_लोकल
सकाळी ठाण्याला ट्रान्स-हार्बर पकडणाऱ्यांसाठी हे सगळं निरर्थक आहे. आपण चढतही नाही आणि उतरतही नाही. चढवले जातो, उतरवले जातो. परवा मला तुर्भ्याला जायचं होतं, रबाळ्यालाच बाहेर पडलो. मी काहीच केलं नव्हतं.

शब्दवेडा_घणसोली
विटावा, तुम्ही नकळत 'गेट'चा पुढचा धडा दिलात. 'आय गॉट पुश्ड आउट अॅट रबाळे.' इथे 'वॉज पुश्ड' म्हटलं तरी चालतं, पण 'गॉट पुश्ड'मध्ये 'झालं बुवा आपल्याबरोबर असं' हा सूर येतो. म्हणून बोलताना हे गेट जास्त करून भल्याबुऱ्या गोष्टींना लागतं. 'गॉट स्टोलन', 'गॉट फायर्ड', 'गॉट कॉट', तसंच 'गॉट सिलेक्टेड', 'गॉट प्रमोटेड'. 'द ब्रिज गॉट बिल्ट इन अमुक साली' असं इतिहासाच्या पुस्तकात सहसा दिसणार नाही, तिथे 'वॉज बिल्ट'. पण पूल वर्षानुवर्षं रखडून एकदाचा झाला, तर 'इट फायनली गॉट बिल्ट' अगदी चपखल.

चेंदणीकर
म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या पुलांना 'गॉट'च.

सीवूड्स_सेक्रेटरी
एक गोष्ट आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज दिसते. 'आय हॅव रिपेअर्ड माय एसी.' 'आय पेंटेड द फ्लॅट, प्लीज एक्स्क्यूज द स्मेल.' अहो, तुम्ही स्वतः नाही ना रंगवलात! दोन माणसं आठवडाभर लिफ्ट अडवून होती.

मराठीत हे चालतं. 'मी केस कापले' म्हणजे सलूनमध्ये जाऊन कापून घेतले, हे कुणाला सांगावं लागत नाही. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हणजे आरशासमोर कात्री घेऊन बसलो. तिथे 'गेट' हवं: 'आय गॉट माय हेअर कट', 'आय गॉट द फ्लॅट पेंटेड'. आपलं 'करून घेणे' आहे ना, तेच. वस्तू मध्ये, क्रिया शेवटी.

आणि काम करणारा माणूस आला की वळण बदलतं. 'आय गॉट द प्लंबर टू कम.' तिथे 'टू' हवा. 'आय गॉट द टँक क्लीन्ड' पण 'आय गॉट देम टू क्लीन द टँक'. मृण्मयीताईंच्या साहेबाचं तिसरं वाक्य हेच आहे. दुसऱ्या वाक्यात माणूस नाही, खोली आहे, म्हणून 'टू' नाही.

मृण्मयी_कोपरी
@सीवूड्स, हे 'करून घेणे' लाख मोलाचं आहे. पोळीभाजीवाल्या ताई रोज कुणाकडून तरी काहीतरी करून घेत असतात, गॅस सिलिंडर भरून, पीठ दळून, डबे पोचते करून. त्यांना लगेच बसेल.

निवृत्त_बाई_पाचपाखाडी
सेक्रेटरी, हे छान मांडलंत. हा प्रयोग मी शाळेत शिकवला, पण 'हॅव' घेऊन. 'आय हॅड माय हेअर कट.' पुस्तकात तसंच होतं. बोलण्यात 'गॉट' जास्त, हे मान्य.

तलावपाळी_संध्याकाळ
सगळे बिचाऱ्या 'गेट'च्या मागे लागलेत. आपलं 'लागणे' काय कमी आहे का? (बघा, आलंच.)

आमच्या मजल्यावर एक केरळी कुटुंब आहे. काकू मराठी शिकतायत, हौसेने. त्यांनी वहीत लिहून ठेवलंय: भूक लागते, तहान लागते, झोप लागते. ठीक. मग आग लागते, ठेच लागते, ऊन लागतं. तेही ठीक, त्रासाच्या गोष्टी दिसतायत. मग मुलाला नोकरी लागली. निकाल लागला. नळाला पाणी लागत नाही. घर कधी लागलं? पुढच्या वळणावर डावीकडे देऊळ लागेल. दार लागलं. तो रडायला लागला. मुलगी कुणाची कोण लागते? मिसळ तिखट लागली. आणि 'अर्धा तास लागेल', जो कधीच अर्धा तास नसतो.

परवा स्टेशनवर माझ्याबरोबर होत्या. मी फोनवर म्हटलं, "हो, गाडी लागलीये." त्यांनी पर्समधून लगेच आल्याची गोळी काढून दिली. कारण त्यांच्या वहीत 'गाडी लागणे' म्हणजे प्रवासात मळमळणे. मी म्हणत होते, गाडी फलाटाला लागलीये!

चेंदणीकर
😂😂 ठाण्यात दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात.

विटावा_लोकल
'सवय लागली' राहिलं. 'वाट लागली' पण.

शब्दवेडा_घणसोली
मोल्सवर्थ साहेबाने मराठी-इंग्रजी कोश केला, पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी वाढवलेली 1857 ची. त्यात 'लागणें' उघडून बघा. अर्थांची रांगच्या रांग आहे.

ऐरोली_नाइटशिफ्ट
मग इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ असलेलं क्रियापद 'गेट'च का?

शब्दवेडा_घणसोली
नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, चारशेच्या वर अर्थ. पुढे नवीन आवृत्तीचं काम सुरू झालं, तेव्हा आधी 'मेक', मग 'पुट' आणि मग 'रन' पुढे गेलं. 'रन'चे 645 अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार त्या एका शब्दावर नऊ महिने बसून होते. यंत्रं आली तसा 'रन' फुगला: इंजिन चालतं, दुकान चालतं, सॉफ्टवेअर चालतं, बातमी चालते, नाक वाहतं.

निवृत्त_बाई_पाचपाखाडी
नऊ महिने एका शब्दावर! आणि आम्हाला अख्खा अभ्यासक्रम संपवायला तेवढेच मिळायचे, त्यात स्नेहसंमेलन.

बेलापूरची_स्वाती
'गेट'चा अजून एक आपला खास प्रकार: 'आय अॅम नॉट गेटिंग यू.' मीटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी. आमच्या लंडनच्या टीममधली एक बाई एकदा म्हणाली, हे ऐकलं की मला वाटतं फोनचा आवाज जात नाहीये.

ऐरोली_नाइटशिफ्ट
बरोबर वाटतं तिला. समजण्याच्या अर्थाचं गेट सहसा 'इंग' घेत नाही. 'आय डोन्ट गेट इट', 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट'. आपल्याला 'मला कळत नाहीये' असं आत्ता घडतंय म्हणायचं असतं, म्हणून 'गेटिंग' येतं. त्याचंच भावंड 'आय अॅम गेटिंग बोअर'. 'मला बोअर होतंय'वरून उचललेलं. तिथे 'बोअर्ड' हवं. 'बोअर' ही तुम्हाला कंटाळा आणणारी व्यक्ती.

आणखी दोन गोष्टी आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सांगतात. 'गॉट इट' म्हणजे समजलं किंवा लिहून घेतलं. 'आय हॅव गॉट इट' म्हणजे माझ्याकडे आहे. आणि अमेरिकन माणूस 'गॉटन' म्हणतो ती त्याची चूक नव्हे. जुनंच रूप आहे, इंग्लंडमध्ये मागे पडलं, तिकडे टिकलं. 'फरगॉटन' आपण बिनदिक्कत म्हणतोच की. गंमत म्हणजे अमेरिकन माणसाच्या तोंडी 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी मिळवली, घेतली. दोन्ही ठेवून त्यांनी सोय करून घेतलीय.

लीड्सवासी_ठाणेकर
आणि इथला माणूस 'गॉटन' ऐकून नाक मुरडतो, आपण पुण्याचं... जाऊ दे, तिकडे नको वळायला.

चेंदणीकर
वळा वळा. धागा शंभरी गाठेल.

सीवूड्स_सेक्रेटरी
नको. मृण्मयीताईंचा रविवार जवळ आलाय. यादी की मूळ, हे ठरवा आधी.

निवृत्त_बाई_पाचपाखाडी
माझं मत विचाराल तर यादी नको. यादी वहीत राहते. आणि शब्दवेडा म्हणतात ते 'आधी नव्हतं, आता आहे' हे खरं असलं, तरी दाताच्या दवाखान्यातल्या मुलीला ते थेट सांगून उपयोग नाही. ती मान डोलावेल आणि घरी जाईल. वाक्य तिच्या तोंडात बसलं पाहिजे, आणि ते तिच्या दिवसातलं पाहिजे. शाळेत निबंधात मी गेट खोडायचे. बोलायला शिकवायचं असतं तर तिथूनच सुरुवात केली असती.

बेलापूरची_स्वाती
बाईंचं ऐकून हे सुचलं. एका बाईचा अख्खा दिवस गेटमध्ये:

'आय गेट अप अॅट फाइव्ह. आय गेट द टिफिन्स रेडी. आय गेट द किड्स ड्रेस्ड अँड गेट देम टू ईट समथिंग. आय गेट टू द स्टेशन. आय गेट ऑन द ट्रेन अॅट ठाणे, आय डोन्ट गेट अ सीट, आय गेट ऑफ अॅट ऐरोली. आय गेट टू वर्क. आय गेट अ कॉल फ्रॉम स्कूल. आय गेट वरीड. इन द इव्हनिंग आय गेट सम व्हेजिटेबल्स, आय गेट होम, आय गेट टायर्ड.'

यात वस्तू मिळणं आहे, अवस्था बदलणं आहे, पोचणं आहे, करून घेणं आहे. सगळे प्रकार आले, आणि नियम एकही सांगितला नाही.

विटावा_लोकल
'आय डोन्ट गेट अ सीट' हे वाक्य पहिलं पाठ होईल.

लीड्सवासी_ठाणेकर
स्वाती, एक किरकोळ. शेवटचं 'आय गेट होम, आय गेट टायर्ड' म्हणजे घरी पोचल्यावर दमायला सुरुवात होते, असं वाटतं. आधीच दमलेली असेल तर 'आय अॅम टायर्ड'.

बेलापूरची_स्वाती
घरी पोचल्यावरच सुरुवात होते, दादा. स्वयंपाक कोण करणार?

लीड्सवासी_ठाणेकर
शब्द मागे. वाक्य अचूक आहे.

मृण्मयी_कोपरी
काल वर्ग झाला, थोडक्यात सांगते.

स्वातीचा दिवस फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, आता यात तुमचा दिवस भरा. पोळीभाजीवाल्या ताईंनी 'आय गेट अ हंड्रेड ऑर्डर्स, आय गेट माय सिस्टर-इन-लॉ टू रोल द चपातीज' असं बिनचूक म्हटलं. 'टू' सकट. रिसेप्शनच्या मुलीने 'पेशंट्स गेट अँग्री, डॉक्टर गेट्स लेट' म्हटलं आणि मग घाबरून विचारलं, हे डॉक्टरांना सांगणार नाही ना. सुपरवायझर ताईंनी साहेबाच्या मेसेजला उत्तर तयार केलं: 'रूम इज रेडी. आय गॉट द एसी चेक्ड.' आज सकाळी पाठवलंही. साहेबाचा अंगठा आला.

शेवटी एक अडलं. त्यांनी विचारलं, साहेब फोन ठेवताना 'आय हॅव गॉट टू गो' म्हणतो, त्यात काय मिळालं, काय बदललं? माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, पुढच्या रविवारी सांगते म्हटलं.

शब्दवेडा_घणसोली
'आय हॅव गॉट' म्हणजे माझ्याकडे आहे, हे वर आलंच. काय आहे? 'टू गो', जायचं. 'मला जायचंय'मध्येही 'आहे' लपलेला आहे, नीट ऐका: जायचं आहे. पण साहेबाच्या 'गॉट टू'त थोडी सक्ती असते. म्हणून ताईंना सांगा: 'मला जावं लागतंय.' तलावपाळींच्या यादीत हे 'लागणे' राहिलंच होतं. भराभर बोलताना त्याचंच 'गॉटा गो' होतं, तेही एकदा ऐकवून ठेवा, कारण फोनवर तेच ऐकू येईल.

तलावपाळी_संध्याकाळ
राहिलं नव्हतं, काकूंच्या वहीत वेगळ्या पानावर आहे. त्या पानावर त्यांनी लिहिलंय, 'करावं लागतं: घरातली सगळी कामं.'

चेंदणीकर
मृण्मयीताई, पुढच्या रविवारी 'टेक' घ्या. 'टेक' घ्या म्हणजे... बघा, तेही सुरू झालं.